तीन पायांचा आरसा

रामाजी थूल यांनी जन्मात एकदाही न्हाव्याच्या खुर्चीत बसून दाढी केली नाही. वर्ध्याच्या एसटी डेपोत सगळे त्यांना रामाभाऊ म्हणत. मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर होतो. आमच्यात ड्रायव्हर कंडक्टरला ‘मास्तर’ म्हणतो, त्यामुळे माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला शेवटपर्यंत शंका राहिली. पगाराच्या दिवशी कारकुनाने माझं नाव पुकारलं की ते इकडेतिकडे बघत, हा कोण बुवा नवीन आला अशा चेहऱ्याने.

दाढी मात्र रोज. ताप असो, संप असो, घरात लग्न असो की मयत. पहाटे पाचची गाडी असली तरी रामाभाऊ स्टिअरिंगला हात लावायच्या आधी गालावरून हात फिरवून बघत. मी एकदा म्हटलं, “एवढ्या अंधारात कोन पाह्यते तुमची दाढी?” तर म्हणाले, “पन्नास माणसं आपल्या भरवशावर झोपून राह्यते मास्तर. थ्यायले वाटलं पायजे का हा माणूस सकाळी उठून, तोंड पाहून आला.”

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. देवळीच्या रस्त्याला चाक पंक्चर झालं होतं, उतारू झाडाखाली बसले होते, आणि रामाभाऊ नट सोडवता सोडवता सहज बोलावं तसं बोलले.

“आमच्या गावचा न्हावी म्हशी भादरे. आमच्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या दाढीले हात लावत नोहता. माहा बाप छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, आन् दुसऱ्या दिवशी बजारातून वस्तरा घेऊन आला. घरात आरसा नोहता. टाक्यातल्या पाण्यात पाहून दाढी केली बुढ्यानं. दोन जागी कापलं. तसाच रक्ताच्या तोंडानं गावातून फिरून आला. तवापासून आमच्यात दाढी आपल्या हातानंच.”

मी कुणब्याचा. न्हावी कोणाच्या दारात जातो आणि कोणाच्या नाही हे मीही माझ्या गावात लहानपणापासून बघत आलो होतो. बघण्यापलीकडे मी कधी काही केलेलं नव्हतं. त्यामुळे मी नुसता पान्हा पुढे केला.

ही सगळी गोष्ट चिंचखेड्याच्या मुक्कामी गाडीपासून सुरू होते. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जायचं, तिथेच झोपायचं आणि पहाटे गावातली माणसं घेऊन वर्ध्याला परतायचं. चिंचखेडा आंजीच्याही पुढे, कच्च्या रस्त्याने आत. आम्ही दोघं गाडीच्या बाकांवर आडवे व्हायचो. गावात हॉटेल नव्हतं, धर्मशाळा नव्हती. मारुतीच्या देवळासमोर चिंचेखाली गाडी लागायची, आणि सकाळी वळवायला जागा नसल्यामुळे ती रिव्हर्स घ्यावी लागायची.

गावात गिरजाबाई नावाची एक विधवा बाई होती. पन्नाशीच्या पुढची, अंगाने वाळकी, बोलायला फटकळ. तिचं घर गाडीच्या जागेला लागून. ती पहाटे चुलीवर पाणी तापवायची आणि पितळेचा गडू भरून रामाभाऊंच्या हातात द्यायची. हातात द्यायची, हे मुद्दाम लिहितो. गावातली बाकीची माणसं त्यांना पाणी दिलं तर वरून ओंजळीत ओतायची. गिरजाबाईला कोणीतरी याबद्दल टोकलं असणार, कारण एकदा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “माहा गडू हाये. म्या कोनालेबी देईन.”

रामाभाऊंनी पहिल्याच दिवशी तिच्याकडे आरसा मागितला होता. ती म्हणाली, “मालक गेला तवापासून आरसा नाई बापू घरात. काऊन ठेवू? काय पाहू थ्याच्यात?” मग पर्याय एकच उरला. गाडीच्या उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या खिडकीशी दांडीवर आरसा असतो. तो बाहेर फिरवला, जरा खाली झुकवला की मडगार्डजवळ उभ्या माणसाच्या तोंडासमोर बरोबर यायचा. सगळे मुक्कामी ड्रायव्हर तेच करायचे. तसं करायचं नाही असा हुकूम होता, आणि तो हुकूम काढणारा माणूस कधी मुक्कामी गाडीवर गेलेला नव्हता.

आमची रीत ठरलेली होती. आधी रामाभाऊ दाढी करायचे, मग मी. ते करून झाले की टॉवेल खांद्यावर टाकून टायर ठोकत गाडीभोवती फिरायचे आणि जाता जाता म्हणायचे, “मास्तर, आरसा सरळ करजो.” मी दाढी झाली की आरसा पुन्हा मागे वळवायचो आणि रिकामा गडू मागच्या उजव्या चाकाजवळच्या दगडावर ठेवायचो. गाडी गेल्यावर गिरजाबाई तो उचलून न्यायची. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

आणीबाणीच्या आधीचा हिवाळा होता. धुकं इतकं की देवळाचा कळस दिसत नव्हता. रामाभाऊंनी दाढी केली आणि नेहमीसारखं म्हणाले, “मास्तर, आरसा सरळ करजो.” मी हो म्हटलं. अर्धी दाढी झाली असेल तोच एक म्हातारा त्याच्या आजारी सुनेला घेऊन आला, तिला आडवं व्हायला जागा पाहिजे म्हणाला. मी तोंड पुसलं, गडू दगडावर ठेवला, तिला मागच्या लांब बाकावर झोपवलं, तिकिटं फाडली आणि शिट्टी घेऊन खाली उतरलो.

आरसा माझ्या डोक्यातून गेला.

रिव्हर्सला कंडक्टरने डाव्या बाजूला मागे उभं राहायचं, उजवी बाजू ड्रायव्हरने आरशात बघायची. मी डावीकडे उभा राहून शिट्टी देत होतो. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. त्या दिवशी गिरजाबाईकडे पाहुणे आले होते आणि तिला गडू लगेच पाहिजे होता, म्हणून ती गाडी जायची वाट न बघता उजव्या बाजूने आली आणि चाकाजवळ वाकली. आरसा जर सरळ असता तर तिचा पांढरा पदर त्याच्यात दिसला असता.

ती ओरडली तेव्हा गाडी अर्धं चाक मागे गेली होती. जिवानं वाचली, पण उजवा पाय वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून काढावा लागला. त्याच गाडीतून आम्ही तिला नेलं. आजारी सून उठून बसली आणि तिने आपली जागा गिरजाबाईला दिली. आंजीच्या फाट्याशी रामाभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढून आरसा सरळ केला, तेवढंच.

चौकशी झाली. मला विचारलं, शिट्टी दिली होती का. दिली होती. डाव्या बाजूला कोणी होतं का. नव्हतं. झालं, माझी सुटका. मग रामाभाऊंना विचारलं, आरसा जागेवर होता का. ते म्हणाले, “नोहता. दाढीसाठी म्या फिरवला होता.” साहेबांनी विचारलं, आणखी कोणी हात लावला होता का. मी तिथेच बाकावर बसलो होतो. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. रामाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, “स्टिअरिंगवर मी होतो.”

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला मी पुष्कळ वर्षं वेगवेगळी नावं देऊन पाहिली, पण ते भ्यायलेल्या माणसाचं गप्प बसणं होतं.

सहा महिने ते सस्पेंड होते. मग घेतलं, पण स्टिअरिंग काढून घेतलं आणि डेपोच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या कामावर टाकलं. तिथेच त्यांच्या डोक्यात तो आरसा शिरला. माझ्याकडे येऊन म्हणाले, “मास्तर, डायवरले आपला सोताचा आरसा पायजे. घडी होणारा. पेटीत मावणारा. कोठीबी ठेवला का सोताच्या पायावर उभा राह्यला पायजे, कोनाचा हात नको लागाले थ्याले. मंग कोनी कायले गाडीचा आरसा फिरवते?” मी म्हटलं, बाजारात मिळतात की लहान आरसे. ते म्हणाले, “थे धरा लागते. एका हातात आरसा, एका हातात वस्तरा, तं गाल कोन ताणते? तुहा बाप?”

त्या दिवसापासून आठेक वर्षं हा माणूस आरसा करत होता.

पहिला लाकडी चौकटीचा होता, फोटोला असतो तसा मागे एक टेकू. तो टेबलावर छान उभा राहिला आणि विहिरीच्या काठावर पडून फुटला. दुसऱ्याला चार पाय केले. चार पायांचा आरसा शेणानं सारवलेल्या जमिनीवर डुगडुगायचा. रामाभाऊ त्याच्यापुढे उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तीन पाय कोठीबी उभे राह्यते. चौथा आला का भांडण लावते.” मग मोडक्या छत्र्या जमवायला लागले. छत्रीच्या काड्यांचे तीन पाय, एकात एक सरकणारे, बसून दाढी करणाऱ्यासाठी आखूड आणि उभ्यासाठी लांब. काचेच्या दोन्ही अंगांना तुपाच्या डब्याच्या पत्र्याची झाकणं, पुस्तकासारखी मिटणारी, म्हणजे प्रवासात काच फुटणार नाही. बिजागऱ्या त्यांनी ट्रंका दुरुस्त करणाऱ्याकडून शिकून स्वतः ठोकल्या. वर्कशॉपमध्ये गाड्यांचे जुने आरसे पडलेले असायचे, पण त्यांची काच त्यांनी कधी घेतली नाही. त्या आरशांना ते हातही लावत नसत.

डेपोतल्या पोरांनी त्यांचं नाव ‘आरसाभाऊ’ पाडलं. कोणी विचारायचं, “आरसाभाऊ, लिपष्टिक ठेवाले जागा केली का नाई?” रामाभाऊ रागवत नसत. ते मनापासून विचार करत आणि म्हणत, “वस्तरा ठेवाले करतो.” दुसऱ्या दिवशी झाकणाच्या आत वस्तऱ्यासाठी पट्टी लागलेली असायची.

मला त्रास व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. अपघातानंतर रामाभाऊ आरशात बघत नव्हते. दाढी रोज करायचे, पण भिंतीकडे तोंड करून, बोटांनी चाचपत. गालावर, हनुवटीखाली सतत एखादा काप असायचा. त्यांची बायको सुशीलावहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, घरात आरसेच आरसे हाये, आन् हे आंधळ्यासारखी दाढी करते.” त्यामुळे नवा आरसा तयार झाला की त्याची परीक्षा घ्यायला ते मला बोलवायचे. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरासमोर ओट्यावर आरसा उभा करायचे, मला समोर बसवायचे आणि स्वतः मागच्या बाजूला उभे राहायचे.

“बस मास्तर. दिसते का?”

“दिसते.”

“सगळं तोंड दिसते का?”

“सगळं दिसते, रामाभाऊ.”

प्रत्येक आरशात पहिलं तोंड माझं. आठ वर्षांत त्यांनी तीसेक आरसे केले असतील, आणि त्या प्रत्येकात मला मी दिसलो. त्यांच्या मनात मला टोचायचं नव्हतं हे मी शपथेवर सांगतो. पण एखादा माणूस टोचायचं म्हणून टोचत असता तर मला ते सोपं गेलं असतं.

एकदा मला राहवलं नाही. आरशासमोर बसल्या बसल्याच म्हटलं, “रामाभाऊ, मले एक सांगाचं हाये. थ्या दिवशी आरसा सरळ कराचं काम माहं होतं. मी भुललो. चौकशीत मी बोलाले पायजे होतं.”

ते आरशाचा एक पाय वर-खाली करत होते. तो पाय त्यांनी बसवला, बोटाने दाबून पाहिला आणि मग म्हणाले, “तुले वाटते मी तुले वाचवलं?”

मी आरशावरून मान वर केली.

“आरसा पाहून स्टिअरिंगवर बसाचं काम माहं होतं. बापानं शिकवलं तोंड पाहून घराबाह्यर निंघाचं. मी तोंड पाह्यलं आन् आरसा नाई पाह्यला. याच्यात तू कोठीच नाई मास्तर. उगाच मधात येऊ नको.”

एवढं बोलून त्यांनी आरसा मिटला. मी माफी घेऊन गेलो होतो आणि ती घेऊनच परत आलो. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तो राग आला याची दुसऱ्या दिवशी लाज वाटली.

वारा ही अडचण पवनारला कळली. सुटीच्या दिवशी रामाभाऊ आणि मी धाम नदीच्या काठावर गेलो. बाहेरगावचे लोक तिथे यायचे, नदीत आंघोळी करायचे, आणि रामाभाऊंना प्रवासातली माणसं पाहिजे होती. त्यांनी खडकावर आरसा उभा केला. आंघोळ करून आलेल्या दोघीतिघी बायका कुंकू लावायला थेट त्याच्यासमोर येऊन बसल्या, आणि रामाभाऊ लाजून नदीकडे पाठ करून उभे राहिले. तेवढ्यात वाऱ्याने आरसा आडवा झाला. बाईचं कुंकू नाकापर्यंत आलं आणि सगळ्या हसायला लागल्या. रामाभाऊही हसले. अपघातानंतर त्यांना मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं. घरी येऊन त्यांनी तीन पायांच्या मधोमध कापडाची लहान थैली टांगली. त्या थैलीत एक दगड टाकायचा की कितीही वारा असो, आरसा हलत नाही. “दगड सगळीकडं भेटते,” ते म्हणाले, “सोबत न्या लागत नाई.”

तो आरसा पुरा झाला होता. उघडून सांगतो म्हणजे कळेल: मिटला की वहीएवढा, उघडला की मांडीपासून छातीपर्यंत हव्या त्या उंचीचा, खडकावर, ओट्यावर, चाकाच्या मडगार्डवर, कुठेही उभा. रामाभाऊंनी मला वरच्या ऑफिसला अर्ज लिहायला सांगितला. प्रत्येक मुक्कामी ड्रायव्हरला असा एक आरसा द्यावा, आपण तो बनवून देऊ. मी सुंदर अक्षरात लिहिला. चार महिन्यांनी उत्तर आलं. वाहनाच्या आरशाचा उपयोग दाढीसाठी करण्यास यापूर्वीच मनाई असल्यामुळे वेगळ्या आरशाची आवश्यकता दिसून येत नाही. रामाभाऊंनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्हंजे दाढी नाईच कराची?” तो कागद त्यांनी घडी करून पत्र्याच्या झाकणाखाली अस्तर म्हणून लावला, खडखड आवाज येऊ नये म्हणून.

मग त्यांनी स्वतःच एकेक करून मुक्कामी ड्रायव्हरांना आरसे दिले. कोणी वापरला, कोणी बायकोला दिला, एकाने मुलीच्या लग्नात रुखवतावर मांडला. आणि एक दिवस रामाभाऊंनी डेपोतच एका तरुण ड्रायव्हरला गाडीच्या आरशात दाढी करताना पाहिलं. त्याला त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी आरसा दिलेला होता. तो म्हणाला, “पेटीत खाली हाये भाऊ, कोन काढते?”

रामाभाऊंनी त्याला दंडाला धरलं. तोंडाला साबणाचा फेस तसाच. ओढत नेऊन गाडीच्या मागे उजव्या चाकाजवळ उभं केलं आणि म्हणाले, “इथं वाक. वाक मनतो ना. आता मी वर बसतो. तू मले दिसतो का थे सांगतो.” आणि ते जाऊन स्टिअरिंगवर बसले. गाडी बंद होती, चावी त्यांच्याजवळ नव्हती. तो पोरगा फेसाळ तोंडाने वाकून उभा. अख्खं वर्कशॉप जमा झालं. रामाभाऊ वर बसून फिरवलेल्या आरशाकडे बघत होते आणि खाली उतरत नव्हते. शेवटी मी वर चढलो. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते रडत होते.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी त्यांना पुन्हा गाडी द्यायची तयारी दाखवली. त्यांनी नको म्हणून सही केली.

गिरजाबाईकडे ते महिन्यातून एकदा जायचे, उतारू म्हणून, तिकीट काढून. मी त्या फेरीवर असलो तरी तिकीट माझ्याकडूनच घ्यायचे. जाताना काहीतरी न्यायचे, तुरीची डाळ, कधी लुगडं. ती ठेवून घ्यायची आणि जास्त बोलायची नाही. आरसा पुरा झाल्यावर त्यांनी सगळ्यात चांगला एक तिला नेला. मी बरोबर होतो. ती कुबडी बाजूला ठेवून ओट्यावर बसली होती. रामाभाऊंनी आरसा उघडला, पाय लांब केले, थैलीत अंगणातला एक दगड टाकला आणि तिच्यासमोर उभा केला. तिने त्याच्यात बघितलं नाही. खाली पायांकडे बघत राहिली.

“याले तीन पाय देल्ले बापू,” ती म्हणाली. “मले एकबी नाई देता आला तुले.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब सांगावा तशी ती बोलली. मग ती कुबडीवर उठली, आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. हातात तोच गडू होता, एका बाजूने चेपलेला. त्याच्यातून वाफ निघत होती.

“आता पानी तापोलं हाये तं दाढी करून जा,” ती म्हणाली. “थ्या दिवसापासून मी कोनाले देल्लं नाई.”

रामाभाऊंनी गडू घेतला. चेपल्यामुळे तो नीट बसत नव्हता, म्हणून हातातच धरला. आरसा समोर उभा होता. ते त्याच्यासमोर बसले, डोळे खाली. वाफ विरेपर्यंत गडू तसाच धरून बसले. शेवटी ते म्हणाले, “माय, आज नाई.” ती म्हणाली, “बरं, मंग कर. आरसा राहू दे इथंच.” पुढच्या खेपेला मी बघितलं तर तो आरसा तिच्या अंगणात उघडा होता आणि शेजारच्या दोघी मुली त्याच्यासमोर वेणी घालत होत्या.

गिरजाबाई त्यानंतर दोन पावसाळे जगली. रामाभाऊंनी तिच्या अंगणात दाढी केली नाही ती नाहीच.

या सगळ्या वर्षांत त्यांना एक सवय लागली होती. रस्त्याने चालताना वीस-पंचवीस पावलांवर थांबून मागे वळून बघायचे. बाजारात, लग्नात, मयतीला जातानाही. लोकांना वाटे कोणाची वाट बघतायत. मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर चालताना एक पाऊल मागे उजव्या हाताला राहायचो, म्हणजे वळले की त्यांना कोणीतरी धड उभं दिसावं.

रिटायर व्हायला वर्ष होतं तेव्हा त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, मान वळेना, बोलणं जड झालं. उन्हाळ्यात वहिनींचा निरोप आला की दाढी वाढली आहे, कोणाला हात लावू देत नाहीत. घरी न्हावी आणला तर त्याच्याकडे बघून डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणाल्या, “दिवसभर काईतरी सांगून राह्यले, आमाले समजत नाई. तुमी या.”

मी गेलो. खाट भिंतीकडे तोंड करून टाकलेली होती, दार त्यांच्या पाठीमागे. मी साबण केला, वस्तऱ्याला धार लावून घेतली. पत्र्याचा आरसा फळीवर होता. तो उघडून खाटेजवळच्या स्टुलावर उभा केला, थैलीत दगड टाकला. त्यांनी मला हात लावू दिला. डावा गाल झाला. उजव्या गालाशी आलो तेव्हा ते बोलले. शब्द एकेक करून आले, पण स्पष्ट आले.

“मास्तर. आरसा सरळ करजो.”

बारा वर्षांनी मी ते वाक्य ऐकत होतो. वस्तरा खाली ठेवून मी आरसा त्यांच्या तोंडासमोर आणला. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. “तोंड नाई. मांगचं.”

मग मला कळलं की ते दिवसभर वहिनींना काय सांगत होते. मान वळत नव्हती आणि पाठीमागे दार उघडं होतं. मी आरशाचे पाय लांब केले, काच थोडी तिरपी केली. तिच्यात दार आलं, दाराबाहेरची गल्ली आली, हापशीचा दांडा आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रामाभाऊ आपल्या आरशात बघत होते. खूप वेळ बघितलं.

“कोनी हाये का मांगं?” त्यांनी विचारलं.

मला आरशात कोणी दिसत नव्हतं. नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. पण मी हात पुसले, उठलो आणि दाराबाहेर गेलो. गल्लीत डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. घराच्या उजव्या अंगाने भिंतीला धरून मागेपर्यंत जाऊन आलो, ओट्याखाली वाकून पाहिलं. वहिनी हापशीवरून घागर घेऊन येत होत्या, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आत येऊन मी त्यांच्या कानाशी सांगितलं, “कोनी नाई, रामाभाऊ. मी सोता पाहून आलो.”

तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि राहिलेला गाल करून घ्यायला हनुवटी जराशी वर केली.